निवासी भाडेमालमत्तेतील गुंतवणूक (महाराष्ट्र)

निवासी भाडेमालमत्तेतील गुंतवणूक म्हणजे स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर भाड्याचे नियमित उत्पन्न आणि कालांतराने होणारी किमतीतील वाढ यांसाठी घर किंवा सदनिका विकत घेणे. महाराष्ट्रातील शहरांत, विशेषतः मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि नागपूर येथे, मध्यमवर्गीय कुटुंबांच्या बचतीचा हा एक परिचित मार्ग आहे. निवृत्तिवेतनाला जोड म्हणून, मुलांच्या भविष्यासाठी किंवा परगावी बदली झाल्यावर रिकामे राहिलेले घर उपयोगात आणण्यासाठी अनेकजण घरमालकाची भूमिका प्रथमच स्वीकारतात.

या गुंतवणुकीबाबत नवख्यांना पडणारे प्रश्न साधारणतः चार गटांत मोडतात: प्रत्यक्ष परतावा किती मिळतो, करार कोणत्या स्वरूपाचा करावा, भाडेकरूने घर सोडले नाही तर काय होते आणि भाड्यावर कर कसा आकारला जातो. या प्रश्नांची उत्तरे राज्यातील भाडे नियंत्रणाच्या दीर्घ इतिहासाशी जोडलेली असल्याने ती भारतातील इतर राज्यांपेक्षा काही बाबतींत वेगळी आहेत.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत निर्माण झालेल्या घरटंचाईमुळे १९१८ मध्ये भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा करण्यात आला. त्यानंतर आलेल्या 'मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७' या कायद्याने जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी असलेल्या पातळीवर गोठवले आणि भाडेकरूला जागेतून काढण्याची कारणे मर्यादित केली. फाळणी व स्थलांतर यांच्या काळात केलेली ही तात्पुरती तरतूद वारंवार मुदतवाढ मिळून अर्धशतकाहून अधिक काळ लागू राहिली. भाडे वाढत नसल्याने अनेक मालकांनी चाळींच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष केले. दुसरीकडे लाखो कामगार कुटुंबांना मात्र शहरात परवडणारा निवारा टिकवता आला.

भाडे नियंत्रण टाळण्यासाठी मालक 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे परवाना कराराचा आधार घेऊ लागले. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, १ फेब्रुवारी १९७३ रोजी वैध परवान्याखाली निवासी जागेचा ताबा असलेल्या व्यक्तींना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. तात्पुरते म्हणून दिलेले घर कायमचे हातचे गेल्याचा अनुभव अनेक मालकांना या दुरुस्तीमुळे आला. घर भाड्याने देण्याविषयी महाराष्ट्रातील जुन्या पिढीत आढळणाऱ्या भीतीचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

१९९७ मध्ये 'मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदवले. पुढे 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' संमत झाला व तो ३१ मार्च २००० पासून राज्यभर लागू झाला. सध्याचे घरमालक-भाडेकरू संबंध प्रामुख्याने या अधिनियमाने नियंत्रित होतात.

भाडेपट्टा आणि परवाना

नव्या गुंतवणूकदाराने प्रथम समजून घेण्याची बाब म्हणजे भाडेपट्टा आणि परवाना यांतील फरक. बोलीभाषेत दोन्हींना 'भाड्याने देणे' असेच म्हटले जाते, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यांचे परिणाम भिन्न आहेत.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार भाडेपट्ट्यामध्ये जागेच्या उपभोगाचा हक्क भाडेकरूकडे हस्तांतरित होतो. म्हणजेच त्या जागेत त्याचा कायदेशीर हितसंबंध निर्माण होतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार परवान्यामध्ये असा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. मालकाच्या अनुमतीने ठरावीक मुदतीपर्यंत जागा वापरण्याची केवळ मुभा मिळते.

भाडेपट्ट्याने राहणाऱ्या भाडेकरूला १९९९ च्या अधिनियमाचे संरक्षण मिळते. तो भाडे देत आणि अटी पाळत असेल, तर अधिनियमात नमूद केलेल्या कारणांशिवाय त्याला काढता येत नाही, आणि भाडेवाढही सर्वसाधारणपणे वर्षाला ४ टक्क्यांपर्यंत सीमित राहते. परवानाधारकाला मात्र मुदत संपताच जागा सोडावी लागते. त्यामुळे राज्यात निवासी सदनिका देताना परवाना करारच जवळजवळ सार्वत्रिक झाला आहे.

केवळ कागदावर 'परवाना' असे शीर्षक दिल्याने व्यवहार परवाना ठरत नाही. पक्षकारांचा खरा हेतू आणि ताब्याचे स्वरूप पाहिले जाते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये 'असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर' या खटल्यात स्पष्ट केले.

परताव्याविषयीचे प्रश्न

स्थूल आणि निव्वळ परतावा

वार्षिक भाड्याला घराच्या किमतीने भागून येणाऱ्या टक्केवारीस स्थूल भाडे परतावा म्हणतात. भारतीय शहरांत निवासी घरांसाठी तो साधारणतः २ ते ४ टक्क्यांच्या आसपास असतो. वार्षिक भाड्यातून सर्व खर्च वजा करून, खरेदीच्या एकूण खर्चाशी त्याची तुलना केल्यास निव्वळ परतावा मिळतो. नवखे गुंतवणूकदार बहुधा पहिल्याच आकड्यावर निर्णय घेतात.

पुढील उदाहरण काल्पनिक असून केवळ गणिताची पद्धत दाखवण्यासाठी आहे. पुण्यात ६०,००,००० रुपयांची सदनिका दरमहा १८,००० रुपये भाड्याने दिली, तर वर्षाचे भाडे २,१६,००० रुपये आणि स्थूल परतावा ३.६ टक्के होतो. खरेदीवर ७ टक्के दराने मुद्रांक शुल्क ४,२०,००० रुपये, नोंदणी शुल्क ३०,००० रुपये आणि पंखे, कपाटे, रंगकाम इत्यादींचे १,५०,००० रुपये धरल्यास एकूण गुंतवणूक ६६,००,००० रुपये होते. वार्षिक खर्च असा मानता येईल:

• गृहनिर्माण संस्थेचे देखभाल शुल्क: ३०,००० रुपये
• बिनभोगवटा शुल्क: २,४०० रुपये
• मालमत्ता कर: १२,००० रुपये
• एक महिना घर रिकामे राहिल्याने बुडालेले भाडे: १८,००० रुपये
• दलाली: ९,००० रुपये
• दुरुस्ती: १४,६०० रुपये

हा खर्च ८६,००० रुपये होतो. उरलेले १,३०,००० रुपये म्हणजे एकूण गुंतवणुकीच्या सुमारे २ टक्के. ही रक्कम आयकरापूर्वीची आहे. यावरून दिसते की, निवासी भाडेमालमत्तेतील लाभाचा मोठा भाग भाड्यातून नव्हे, तर किंमत वाढल्यास त्या वाढीतून येतो. आणि ही वाढ निश्चित नसते.

मालमत्ता कराचा अंदाज बांधताना स्थानिक नियम पाहावे लागतात. उदाहरणार्थ, पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्क्यांची सवलत घर भाड्याने दिल्यावर मिळत नाही.

भाड्यातून कर्जाचा हप्ता फिटतो का

महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत हे सहसा शक्य होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जासाठी मालमत्तेच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के इतकेच कर्ज देता येते. वरील उदाहरणात ४८,००,००० रुपयांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो. भाडे १८,००० रुपये असल्याने उरलेले सुमारे २३,६५० रुपये दरमहा पगारातून किंवा अन्य उत्पन्नातून भरावे लागतात. देखभाल व कर यांचा खर्च निराळाच.

व्याजदर भाडे परताव्याच्या दुपटीहून अधिक असताना कर्जाने घेतलेले घर सुरुवातीच्या वर्षांत रोख रकमेची तूट निर्माण करते. घर काही महिने रिकामे राहिले किंवा मालकाची नोकरी गेली, तर ही तूट अडचणीची ठरते. म्हणून काही महिन्यांचे हप्ते भरता येतील इतकी राखीव रक्कम बाजूला ठेवणे आवश्यक मानले जाते.

खरेदीपूर्वी तपासायची कागदपत्रे

भाडेमालमत्ता म्हणून घेतलेल्या घराची तपासणी राहत्या घराइतकीच काटेकोर असावी लागते, कारण मालकी सदोष असल्यास भाड्याचा करारही वादात सापडतो. सामान्यतः पुढील बाबी पाहिल्या जातात:

• जमिनीचा सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक आणि सुमारे ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल.
• आधीच्या खरेदीखतांची साखळी व त्यांची सूची क्रमांक २.
• मंजूर बांधकाम आराखडा व भोगवटा प्रमाणपत्र. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत पाणीपुरवठा, कर्ज आणि पुनर्विक्री यांबाबत अडचणी येतात.
• सहकारी गृहनिर्माण संस्थेचे भाग प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे की नाही याची माहिती.
• बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पाची महारेराकडील नोंदणी. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील किंवा ८ हून अधिक सदनिकांच्या प्रकल्पांना ती बंधनकारक आहे.

बांधकामाधीन घरात ताबा मिळेपर्यंत भाडे मिळत नाही, तर कर्जाचे व्याज मात्र सुरू राहते. प्रकल्प रखडल्यास परताव्याचे सर्व गणित बदलते.

कराराविषयीचे प्रश्न

करार अकरा महिन्यांचाच का असतो

नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र या प्रथेने नोंदणी टळत नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, मुदत कितीही असली तरी प्रत्येक भाडेकरार व परवाना करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर असून, ती न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून गंभीर परिणाम म्हणजे, नोंदणीकृत करार नसल्यास अटींविषयी वाद उद्भवल्यावर, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुद्रांक कागदावर लिहून नोटरीकडून साक्षांकित केलेला करार नोंदणीकृत ठरत नाही.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क

६० महिन्यांपर्यंतच्या परवाना करारावर एकूण रकमेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आकारले जाते. एकूण रकमेत पूर्ण मुदतीचे भाडे, परत न करायची अनामत आणि परत करायच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने काढलेले कल्पित व्याज यांचा समावेश होतो. दरमहा १८,००० रुपये भाडे आणि १,००,००० रुपये अनामत असलेल्या १२ महिन्यांच्या करारासाठी २,१६,००० अधिक १०,००० म्हणजे २,२६,००० रुपयांवर ५६५ रुपये शुल्क येते. नोंदणी शुल्क महानगरपालिका क्षेत्रात १,००० रुपये, तर ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाने ऑनलाइन नोंदणीची सुविधा दिल्याने आधार क्रमांक व बोटांच्या ठशांच्या आधारे, निबंधक कार्यालयात न जाताही नोंदणी करता येते.

अनामत रक्कम

परवाना करारातील अनामत किती असावी हे पक्षकार परस्परांत ठरवतात. शहरागणिक ती सुमारे दोन ते सहा महिन्यांच्या भाड्याइतकी असते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू अधिनियमात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, परंतु हा नमुना कायदा राज्यांवर बंधनकारक नाही.

मुंबई परिसरात मोठी अनामत घेऊन नाममात्र भाडे आकारण्याची 'हेवी डिपॉझिट' पद्धतही आढळते. यात मालकाला एकरकमी पैसे मिळतात, पण मुदत संपताच संपूर्ण रक्कम परत द्यावी लागते. ती खर्च झालेली असल्यास पुढच्या भाडेकरूच्या अनामतीतून आधीच्याची अनामत फेडण्याची वेळ येते.

अनामतीतून कोणत्या कारणांसाठी कपात होईल, याविषयी सर्वाधिक वाद होतात. ते टाळण्यासाठी घर देताना भिंती, नळ, विजेची उपकरणे आणि सामान यांची यादी व छायाचित्रे कराराला जोडली जातात. नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि निष्काळजीपणाने झालेले नुकसान यांत भेद करणारे कलमही उपयुक्त ठरते.

गृहनिर्माण संस्था आणि पोलीस

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका परवान्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र सदस्याने संस्थेला आगाऊ कळवून कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सादर करावी लागते. सदस्य स्वतः राहत नसल्याबद्दल संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरले जात नाहीत.

पोलीस आयुक्तांनी काढलेल्या आदेशांनुसार मुंबई, पुणे आदी शहरांत भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यास देणे आवश्यक असते. ही माहिती ऑनलाइनही देता येते. ती न दिल्यास लोकसेवकाच्या आदेशाचा भंग केल्याबद्दल मालकावर गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.

ताब्याविषयीचे प्रश्न

मुदत संपूनही घर सोडले नाही तर

१९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ मध्ये यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. निवासासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर परवानाधारकाने ताबा न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदत संपल्याची खात्री झाल्यावर प्राधिकारी ताबा देण्याचा आदेश देतो. तसेच मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. या प्रक्रियेत लेखी करार त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. ही प्रक्रिया नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा संक्षिप्त आहे. तरीही तिला काही महिने किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो.

मालकाने स्वतः कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे किंवा वीज व पाणी तोडणे बेकायदेशीर आहे. राहणाऱ्याचा करार संपला असला, तरी ताबा कायदेशीर मार्गानेच घ्यावा लागतो. अशा कृतीमुळे मालकाची बाजू न्याय्य असतानाही तोच आरोपी ठरण्याची शक्यता असते.

बारा वर्षे राहिल्यास भाडेकरू मालक होतो का

हा लोकांमध्ये रूढ असलेला गैरसमज आहे. मुदत अधिनियम, १९६३ मधील बारा वर्षांची मुदत प्रतिकूल ताब्याशी संबंधित आहे. म्हणजे मूळ मालकाचा हक्क नाकारून उघडपणे आणि अखंड ठेवलेल्या ताब्याशी. भाडेकरू किंवा परवानाधारक मालकाच्या अनुमतीने राहतो. त्याचा ताबा प्रतिकूल नसून अनुमत असतो, आणि ताबा चालू असेपर्यंत मालकाचा हक्क नाकारण्यास पुरावा कायदा त्याला मज्जाव करतो. त्यामुळे केवळ दीर्घकाळ वास्तव्याने मालकी मिळत नाही. तरीही लेखी करार नसणे, भाडे रोखीने घेणे आणि वर्षानुवर्षे नूतनीकरण न करणे यांमुळे अनुमती होती हे सिद्ध करणे अवघड होते. नियमित नूतनीकरण आणि बँकेमार्फत भाडे स्वीकारणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

पागडीची जागा विकत घेता येते का

मुंबईतील जुन्या इमारतींत भाडेकरू मोठी रक्कम देऊन कायमस्वरूपी भाडेहक्क मिळवतो व दरमहा नाममात्र भाडे भरतो. या रकमेस पागडी म्हणतात. १९९९ च्या अधिनियमाने अशी रक्कम घेण्यास कायदेशीर मान्यता दिली. पागडीची जागा बाजारभावापेक्षा स्वस्त दिसत असली, तरी घेणाऱ्याला मालकी नव्हे, तर केवळ भाडेहक्क मिळतो. हस्तांतरणासाठी मालकाची संमती व त्याला द्यायचा वाटा लागतो. अशी जागा पुन्हा दुसऱ्यास भाड्याने देण्यावर निर्बंध असल्याने भाड्याच्या उत्पन्नासाठी ती सहसा योग्य ठरत नाही.

आयकर

भाड्याचे उत्पन्न 'घरापासूनचे उत्पन्न' या शीर्षाखाली करपात्र असते. आयकर अधिनियम, १९६१ मधील या शीर्षाची मूळ रचना १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्येही कायम आहे. मिळालेल्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर निव्वळ वार्षिक मूल्य मिळते. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट आणि कर्जावरील व्याज वजा होते.

प्रत्यक्ष दुरुस्तीवर किती खर्च झाला याचा ३० टक्के वजावटीशी संबंध नसतो. संस्थेचे देखभाल शुल्क, दलाली किंवा विमा यांची वेगळी वजावट मिळत नाही, ही गोष्ट नव्या मालकांच्या लक्षात बहुधा विवरणपत्र भरताना येते.

वरील उदाहरणात अकरा महिन्यांचे भाडे १,९८,००० रुपये, त्यातून मालमत्ता कराचे १२,००० रुपये वजा जाता १,८६,००० रुपये उरतात. त्यावरील ३० टक्के वजावट ५५,८०० रुपये असल्याने शिल्लक १,३०,२०० रुपये राहते. कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ४,०४,००० रुपये धरल्यास २,७३,८०० रुपयांचा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत यांपैकी २,००,००० रुपये पगारासारख्या अन्य उत्पन्नातून वजा करता येतात व उरलेले ७३,८०० रुपये पुढील आठ वर्षांपर्यंत घरापासूनच्या उत्पन्नातून वजा करण्यासाठी नेता येतात. नव्या करप्रणालीत हा तोटा अन्य शीर्षांच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे 'कर वाचवण्यासाठी दुसरे घर' हा पूर्वीचा युक्तिवाद नव्या प्रणालीत बराचसा निष्प्रभ झाला आहे.

मासिक भाडे ५०,००० रुपयांहून अधिक असल्यास वैयक्तिक भाडेकरूलाही उद्गम कर कपात, म्हणजे टीडीएस करावी लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा दर ५ टक्क्यांवरून २ टक्के करण्यात आला. घर २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगून विकल्यास होणारा नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दराने, महागाई निर्देशांकाचा लाभ न देता कर आकारला जातो. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांच्या बाबतीत निवासी व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्के दराने कर मोजण्याचा पर्याय ठेवण्यात आला आहे.

अनिवासी घरमालक

परदेशी स्थायिक झालेले अनेक मराठी भाषक पुणे, ठाणे यांसारख्या शहरांतील घर भाड्याने देतात. मालक अनिवासी असल्यास भाडेकरूला रकमेची कोणतीही किमान मर्यादा न धरता करकपात करावी लागते. तिचा मूळ दर ३० टक्के असून उपकर व लागू असल्यास अधिभार वेगळा असतो. अनेक भाडेकरूंना या नियमाची कल्पना नसते आणि कपात न झाल्यास जबाबदारी त्यांच्यावर येते. करारावर सही करण्यासाठी भारतातील नातेवाइकास कुलमुखत्यारपत्र देण्याची पद्धत आहे. अनिवासी भारतीयांना निवासी व व्यापारी मालमत्ता विकत घेता येते, परंतु शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस विकत घेता येत नाहीत.

गोव्यातील स्थिती

गोव्यात महाराष्ट्राचा अधिनियम लागू नाही. तेथे 'गोवा, दमण व दीव इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण अधिनियम, १९६८' आहे. पर्यटकांना अल्प मुदतीसाठी घर देणे हा तेथे पर्यटन व्यवसाय मानला जातो आणि त्यासाठी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रातील परवाना कराराचा नमुना तेथे जसाच्या तसा वापरणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

पर्यायी मार्ग

संपूर्ण घर विकत न घेता भाड्याच्या उत्पन्नात सहभागी होण्यासाठी स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, म्हणजे रीट हा पर्याय उपलब्ध आहे. सेबीने २०१४ मध्ये यासंबंधीचे विनियम केले आणि २०१९ मध्ये देशातील पहिल्या रीटची शेअर बाजारात नोंदणी झाली. भारतातील रीट प्रामुख्याने कार्यालयीन इमारती व मॉल यांत गुंतवणूक करतात. त्यांचे एकक काही शे रुपयांतही विकत घेता येते आणि विकणेही सोपे असते. मात्र त्याची किंमत बाजाराबरोबर रोज बदलते आणि गरज पडल्यास स्वतः राहता येईल असे घर त्यातून मिळत नाही.

सामाजिक पैलू

२०११ च्या जनगणनेनुसार भारताच्या नागरी भागांत सुमारे १.१ कोटी घरे रिकामी होती. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने या आकडेवारीकडे लक्ष वेधताना अशा घरांची सर्वाधिक संख्या, सुमारे २० लाख, महाराष्ट्रात असल्याचे नमूद केले. त्याच अहवालानुसार शहरांतील एकूण घरांमध्ये भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. कमी परतावा, कराराच्या अंमलबजावणीतील विलंब आणि ताबा गमावण्याची भीती ही घरे रिकामी राहण्यामागील कारणे मानली जातात.

कलम २४ च्या संरक्षणामुळे मालकांचा विश्वास काही प्रमाणात परतला असला, तरी त्याची दुसरी बाजू भाडेकरूंना सोसावी लागते. दर अकरा महिन्यांनी नूतनीकरण, भाडेवाढ आणि घर बदलण्याची टांगती तलवार यांमुळे मुलांची शाळा, शिधापत्रिका आणि मतदार नोंदणी यांत सातत्य राखणे त्यांना कठीण जाते. वेळेवर भाडे देणाऱ्या आणि घर नीट ठेवणाऱ्या भाडेकरूशी दोन ते पाच वर्षांचा नोंदणीकृत करार केल्यास मालकाचाही रिकाम्या महिन्यांचा व दलालीचा खर्च वाचतो. वरील उदाहरणात या दोन बाबींचा खर्च २७,००० रुपये, म्हणजे एकूण वार्षिक खर्चाच्या जवळपास एक तृतीयांश आहे. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर सवलतीचे मुद्रांक शुल्क लागू असल्याने कायद्याची त्यास आडकाठी नाही.

हे सुद्धा पहा

• महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९
• पागडी पद्धत
• चाळ
• सहकारी गृहनिर्माण संस्था
• महारेरा
• मुद्रांक शुल्क